न आलेल्या पुस्तकाचं भांडण

मागच्या आठवड्यात या जागी चौकाबाऱ्याबद्दल लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. गंमत म्हणजे आठवणी कमी आणि नियम जास्त! एका वाचकांचं ठाम म्हणणं, दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत पाऊलच टाकायचं नाही. एक वाचक भगिनी लिहितात, असला काही नियम नाही, तो तुमच्या गल्लीनं काढलेला. आमच्या घरात हा वाद गेली पंचवीस वर्षं चालू आहे. सूनबाई धारवाडची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच श्रावणात पट मांडला आणि तिच्या माहेरचे नियम नि आमचे नियम समोरासमोर उभे राहिले. कवड्या पडल्या की आम्ही चार नि आठ मोजणार, ती ‘चौका’ नि ‘बारा’ म्हणणार. इथपर्यंत ठीक. पण मारलेली सोंगटी परत कधी बसवायची यावर एकमत होईना. शेवटी तह झाला : बेळगावात आमचा नियम, धारवाडात त्यांचा. तो तह अजून टिकून आहे.

या पत्रांमुळे नातीच्या खेळातलं एक भांडण आठवलं. तेही नियमांवरूनच. फरक इतकाच, की आपण निदान खेळलेल्या डावावरून भांडतो. ती मंडळी दोन वर्षं ज्या पुस्तकावरून भांडत होती, ते पुस्तक अजून छापलंच गेलं नव्हतं! आणि ही मंडळी म्हणजे काही एकटी आमची नात नि तिचे मित्र नव्हेत. साऱ्या जगात लाखो लोक तेच करत होते.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आता हे नाव पोचलं आहे, पण आजी-आजोबांसाठी थोडं सांगते. याला पट असलाच पाहिजे असं नाही. कागद, पेन्सिल आणि निरनिराळ्या बाजूंचे फासे एवढ्यावर भागतं. त्यातला मुख्य फासा वीस बाजूंचा. खेळणारे पाच-सहा. त्यांतला एक सूत्रधार. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी गवई. सूत्रधार सांगतो, ‘‘समोर ओढा आहे. पूल मोडलाय. पलीकडच्या झाडीतून धूर येतोय. काय करता?’’ मग ज्यानं त्यानं आपापल्या पात्राच्या तोंडून सांगायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असली, की फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं काही नाही. गोष्ट पुढं पुढं जात राहते. कधी महिने, कधी वर्षं.

मला हे ऐकताना काही नवल वाटलं नाही. आपल्या कोकण-गोव्याकडच्या दशावतारात संवाद कुठं लिहिलेले असतात? संकासुर त्या रात्री काय बोलेल ते त्या रात्रीच ठरतं. आणि कानडी मुलखातलं ताळमद्दळे तर याच्या अगदी जवळचं. यक्षगानाचंच भावंड, पण वेष नाही, नाच नाही. साध्या धोतर-शर्टात कलावंत बसतात, भागवत प्रसंगाचं पद म्हणतो आणि मग कृष्ण झालेला माणूस नि कौरव झालेला माणूस जागच्या जागी सुचेल तसा वाद घालतात. कथा ठरलेली, शब्द ठरलेले नाहीत. नातीच्या गटाचा सूत्रधार पुत्तूरकडचा मुलगा आहे, त्याचे मामा ताळमद्दळेत अर्थ सांगतात. तो मला म्हणाला, ‘‘आजी, मामा बिना फाशांचं तेच करतात.’’

या खेळाचा जन्म अमेरिकेतला, १९७४ सालचा. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नसन हे दोघे त्याचे जनक. गायगॅक्स आधी विमा कंपनीत नोकरीला होते आणि पुढं चपला-बूट दुरुस्त करून पोट भरत होते. पहिल्या फक्त एक हजार प्रती निघाल्या. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर. त्यातून हे सगळं वाढलं. १९९७ साली मूळची कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’नं घेतली आणि १९९९ साली ती ‘हॅस्ब्रो’ या मोठ्या खेळणी कंपनीकडे गेली. दर काही वर्षांनी नियमांची नवी आवृत्ती येते, आणि आवृत्तीच्या आधी भांडण येतं.

आवृत्ती म्हणजे इथं नुसती नव्यानं केलेली छपाई नव्हे. शाळेचा अभ्यासक्रम बदलतो तसं आहे ते. १९८९ सालच्या आवृत्तीचंच बघा. त्याआधीच्या दशकात अमेरिकेतल्या काही पालकांनी आणि धार्मिक मंडळींनी ‘हा सैतानाचा खेळ आहे’ अशी ओरड केली होती. नव्या पुस्तकातून राक्षसांची ती नावं गेली. मारेकऱ्याचा पेशा गेला. ‘हाफ-ऑर्क’ म्हणजे माणूस आणि ऑर्क यांचं संकर-संतान, तेही गेलं. ज्यांनी दहा वर्षं असं पात्र जपलं होतं त्यांनी काय करायचं? पुढं २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि हाफ-ऑर्क परत घरी आले.

पण सगळ्यांत गाजलेलं भांडण २००७-०८चं. ऑगस्ट २००७मध्ये इंडियानापोलिसच्या ‘जेन कॉन’ नावाच्या मोठ्या जत्रेत चौथ्या आवृत्तीची घोषणा झाली. पुस्तकं यायची होती जून २००८मध्ये. मधले दहा महिने लोकांच्या हाती काय होतं? तुकडे. रचनाकारांच्या लेखांतली एखादी ओळ, कुणी सांगितलेला एखादा नियम. कंपनीनं डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये ‘पुढं काय येणार आहे’ हे सांगणारी दोन पुस्तकं काढली, तीही विकत! म्हणजे जेवणाच्या आधी जेवणाचं वर्णन वाचायचे पैसे. लोकांनी ती घेतली, अक्षरन् अक्षर वाचलं आणि भांडायला नवा दारूगोळा मिळवला. ‘नोम’ नावाची बुटकी जमात पहिल्या पुस्तकात नसणार, गवयाचा पेशा नसणार, हे कळल्यावर तर काय विचारता! योद्ध्याला आता मांत्रिकासारखे ठरावीक डाव मिळणार, काही हवे तेव्हा, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. एक बाजू म्हणाली, बरं झालं, योद्धा नुसती तलवार फिरवून कंटाळत होता. दुसरी म्हणाली, हा आमचा खेळच नव्हे, संगणकावरचा कुठला तरी खेळ कागदावर उतरवलाय.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुस्तक कुणीच वाचलेलं नव्हतं, पण दोन्ही बाजूंचं बोलणं पोकळ नव्हतं. ज्याच्या कपाटात तिसऱ्या आवृत्तीची वीस पुस्तकं होती, त्याचा प्रश्न खरा होता. २००३ साली त्याच आवृत्तीची सुधारित पुस्तकं त्यानं पुन्हा विकत घेतली होती, आणि पाच वर्षांत पुन्हा नवी. आणि जो सूत्रधार दर रविवारी नियमांच्या जंजाळात अडकत होता, त्याला सोपेपणा हवा होता, हेही खरं होतं.

परिणाम काय झाला? ‘पायझो’ नावाची एक लहान कंपनी होती. २००७ सालापर्यंत या खेळाची दोन मासिकं हीच कंपनी काढत असे. मार्च २००८मध्ये, म्हणजे चौथी आवृत्ती बाजारात यायच्या आधीच, तिनं जाहीर केलं, की आम्ही जुन्या नियमांनाच डागडुजी करून आमचा वेगळा खेळ काढतो. नाव ‘पाथफाइंडर’. तिनं मसुदा फुकट लोकांपुढं ठेवला, खेळून बघा नि चुका सांगा म्हणून. ऑगस्ट २००९मध्ये पक्कं पुस्तक आलं, आणि पुढं काही काळ तर दुकानदारांच्या पाहणीत ते मूळ खेळालाही मागं टाकून गेलं. एका घराच्या दोन चुली झाल्या. योगायोग असा, की त्याच मार्च २००८मध्ये गायगॅक्स वारले. घराच्या वाटण्या होताना आजोबा जावेत, तसं झालं ते.

कंपनी यातून शिकली असं म्हणायला हरकत नाही. जानेवारी २०१२मध्ये पाचव्या आवृत्तीची घोषणा करतानाच सांगितलं, की मसुदे आधी तुमच्यापुढं ठेवू. मे महिन्यापासून दोन वर्षं ते चाललं. २०१४ साली पुस्तक निघालं तेव्हा त्यात पावणेदोन लाखांहून अधिक लोकांनी खेळून पाहिल्याचा उल्लेख होता. ही आवृत्ती चांगलीच रुजली. आमच्या नातीनं हातात घेतलेलं पहिलं पुस्तक तेच.

आता आमच्या घरातल्या भागाकडे वळते. नात २०२१ साली इंजिनिअरिंगला बंगळुरात गेली. पहिलं वर्ष निम्मं घरात, निम्मं तिथं. कुणाशी ओळख नाही. तेव्हा वर्गातल्या सहा जणांचा हा गट जमला. रविवारी दुपारी जेवणं झाली, की बसायचं ते दिवेलागणीपर्यंत. तिचं पात्र होतं एक गवई मुलगी. जात ‘हाफ-एल्फ’. एल्फ म्हणजे लांब कानांचे, शेकडो वर्षं जगणारे वनवासी लोक. आईबापांतलं एक एल्फ, एक माणूस, असं मूल म्हणजे हाफ-एल्फ. हे पात्र फार जुनं. १९७५ सालच्या पुरवणी पुस्तिकेपासून खेळात आहे. त्याही आधी टॉल्किनच्या कथांत आहे. तिथं अशा दोन भावांना विचारलं जातं, की तुम्ही कुणाचे? एल्रॉन्ड एल्फांचा होतो, त्याचा भाऊ एल्रॉस माणसांचा. दोघांचं मिळून राहणं काही तिथं जमत नाही.

२०१४च्या पुस्तकात मात्र हाफ-एल्फला कुणी असं विचारत नाही. उलट त्याचं वैशिष्ट्य काय, तर भाषा. सगळ्यांची बोली एक, एल्फांची भाषा दुसरी, आणि वर आपल्या आवडीची आणखी एक. नियमानंच तीन भाषा लिहिता, वाचता, बोलता येतात. नातीनं हे पात्र का घेतलं, ते तिनं मला सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. आईशी कानडी, बापाशी नि माझ्याशी मराठी, आणि भांडण झालं की हिंदी, असं तिचं लहानपणापासून. मला ‘आजी’, धारवाडच्या विहीणबाईंना ‘अज्जी’. एका जोडाक्षराचाच काय तो फरक.

ऑगस्ट २०२२मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की खेळाला पन्नास वर्षं होतील त्या २०२४ साली नवी पुस्तकं येतील, आणि तोवर मसुदे लोकांपुढं ठेवले जातील. पहिला मसुदा त्याच दिवशी निघाला. त्यात दोन कलमं अशी होती, की नातीच्या गटात ठिणगी पडली.

पहिलं कलम फाशाचं. वीस बाजूंच्या फाशावर पूर्ण वीस पडले, की वार दुप्पट जोरात लागतो हा जुना नियम. मसुद्यात म्हटलं होतं, की हा लाभ फक्त खेळाडूंच्या शस्त्रांना आणि मुठीच्या वाराला. मंत्रांना नाही, आणि सूत्रधाराच्या राक्षसांनाही नाही. पुत्तूरच्या मुलाचं म्हणणं, राक्षसाची भीतीच उरणार नसेल तर मी गोष्ट कसली सांगू? मांत्रिक खेळणारी मुलगी तर त्याहून चिडली. हुबळीचा मुलगा म्हणाला, पहिल्याच दिवशी नवख्याचं पात्र एका फाशात मरतं, ते तरी वाचेल.

दुसरं कलम दोन जमातींच्या संतानाचं. मसुद्यात हाफ-एल्फ असं वेगळं पानच नव्हतं. त्याऐवजी असं, की आईबाप कुठल्याही दोन जमातींचे असू देत, पण गुण एकाच बाजूचे घ्यायचे. दुसरी बाजू दिसण्यापुरती. रूप हवं तसं मिसळा, बाकी हिशेब एकाचाच.

त्या दिवाळीत गटातले चौघे आमच्या टिळकवाडीच्या घरी आले होते. मी चिवडा-चकल्यांची ताटं ठेवली, पण हात कुणाचा पोचेना, इतकी वादावादी. एकाचं म्हणणं, ‘अर्धा’ हा शब्दच मुळात वाईट, माणसाला अर्धा म्हणायचं म्हणजे काय? गेला तर बरंच झालं. शिवाय आता कुणाचंही कुणाशी लग्न लागू शकतं, जुन्या पुस्तकात दोनच संकर मान्य होते. हे म्हणणं टाकाऊ नव्हतं. पुढं जगभरातही पुष्कळांनी हेच सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं, मसुदा आहे, पुस्तक यायला दोन वर्षं आहेत, आत्ताच कशाला डोकं तापवायचं? नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘शब्द बदला की. पण आईकडचं फक्त तोंडावर दिसायचं आणि अंगात काहीच नाही, असं कसं?’’

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिला खेळातलं काही कळत नाही, पण एवढं वाक्य कळलं. ती काही बोलली नाही. ताटातली चकली तिनं नातीच्या हातात दिली आणि आत गेली.

मला त्या वेळी शाळेचा अर्ज आठवला. नातीला पहिलीत घालताना अर्जावर ‘मातृभाषा’ अशी एक ओळ होती. एकच ओळ, एकच शब्द मावेल एवढी. मुलगा पेन घेऊन थांबला. आपल्या जनगणनेची व्याख्या अशी, की लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, आणि ती एकच लिहायची. त्याशिवाय येणाऱ्या भाषा मात्र दोनपर्यंत नोंदवता येतात. त्या हिशेबानं नातीची मातृभाषा कानडी. मुलानं तीच लिहिली, आणि रांगेत मागं उभ्या असलेल्या आमच्याच ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘‘असं का हो?’’ म्हणून विचारलं. दोन भाषांच्या घरात राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे सांगायला नको. प्रश्न एका ओळीचाच असतो, पण ती ओळ भरताना घरात कुणाचा तरी चेहरा उतरतो.

जानेवारी २०२३मध्ये आणखी एक वादळ आलं. या खेळाचे मूळ नियम वापरून इतरांना पुस्तकं काढता यावीत, म्हणून २००० सालापासून एक खुला परवाना होता. तो बदलण्याचा मसुदा कंपनीतून बाहेर फुटला. लहान प्रकाशकांच्या पोटावर पाय येणार, अशी ओरड झाली. महिन्याच्या आत, २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली आणि मूळ नियम कायमचे सर्वांसाठी खुले केले. पण तोवर नातीच्या गटातला एक जण ‘या कंपनीला यापुढं एक रुपया देणार नाही’ म्हणून उठून गेला. दुसरा म्हणाला, मग मीही नवं काही शिकणार नाही. मांत्रिक खेळणारी म्हणाली, तुमचं होऊ दे आधी. रविवार मोकळा पडला.

इथं खरं दुखणं होतं. खेळ कुठला, आवृत्ती कुठली, हे मला महत्त्वाचं नाही. पण परगावी राहणाऱ्या मुलीचा रविवार मोकळा पडणं म्हणजे काय, ते मला फोनवर कळायचं. पूर्वी रविवारी तिचा फोन येतच नसे, आला तरी ‘‘आजी, नंतर करते’’ म्हणून बंद. आता दुपारी दोनलाच यायचा. बोलायचं काहीच नसायचं. ‘‘जेवलीस?’’ ‘‘हो.’’ ‘‘काय करतेस?’’ ‘‘काही नाही.’’ असे दहा-अकरा रविवार गेले.

तोडगा काढला तो पुत्तूरच्या मुलानं. त्यानं सगळ्यांना चहाला बोलावलं आणि म्हणाला, की पुस्तक येईल तेव्हा येईल. आपली गोष्ट अर्ध्यात थांबली आहे, ओढ्यापलीकडच्या धुराचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. ती गोष्ट ज्या नियमांनी सुरू झाली त्याच नियमांनी संपवू. नवं पुस्तक आलं तर साऱ्या गटात मिळून एकच प्रत घ्यायची, आणि ज्याला पैसे द्यायचे नसतील त्यानं देऊ नयेत. उठून गेलेला मुलगा परत आला. काही मोठं बोलणं झालं नाही. तो आला, बसला, आणि ‘‘माझी पाळी कुणानंतर?’’ एवढंच विचारलं.

इकडं मसुद्यांचं काम चालूच होतं. मसुदा यायचा, लोक खेळून बघायचे, कंपनी प्रश्नावली पाठवायची, पुढचा मसुदा बदलून यायचा. फाशाचं ते कलम पुढच्याच मसुद्यात मागं घेतलं गेलं, पक्क्या पुस्तकात राक्षसांनाही वीस पडले की दुप्पट मार लागतोच. मांत्रिकांतल्या एका पेशाची मंत्रांची पद्धत २०२३च्या वसंतात पार बदलली होती, तीही लोकांनी नापसंत केली आणि जुनी परत आली. म्हणजे न आलेल्या पुस्तकावरचं भांडण अगदीच फुकट गेलं नाही. पुस्तक छापून झाल्यावर तेच लोक कितीही ओरडले असते तरी काय उपयोग होता?

हाफ-एल्फ मात्र परत आला नाही. १७ सप्टेंबर २०२४ला नवं पुस्तक निघालं. त्यात दहा जमाती आहेत. ऑर्क आता स्वतंत्र आला आहे, पण हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क दोन्ही नाहीत. एवढं मात्र आहे, की जुन्या पुस्तकातली जमात नव्या नियमांत कशी घ्यायची, ते सांगून ठेवलं आहे. दार लावलं, पण कडी घातली नाही.

आणि एक गोष्ट अशी झाली, जिच्याकडे त्या सगळ्या भांडणात नातीच्या गटातल्या कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. नव्या पुस्तकात प्रत्येक पात्राला, मग ते कुठल्याही जमातीचं असो, सगळ्यांची बोली आणि वर दोन भाषा येतात. बुटका असो, माणूस असो, ऑर्क असो, तीन भाषा सर्वांना. जे हाफ-एल्फचं वेगळेपण होतं ते आता सरसकट झालं. नातीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा सूर थोडा तक्रारीचाच होता. ‘‘माझं खास काही उरलंच नाही गं आजी.’’ शेजारी सूनबाई ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘म्हणजे सगळेच बेळगावचे झाले की!’’

जुनी गोष्ट त्यांनी २०२५च्या सुरुवातीला संपवली. आता नोकऱ्या लागल्या आहेत, कुणी पुण्यात, कुणी बंगळुरात, एक मंगळुरात. नवी गोष्ट नव्या नियमांनी सुरू आहे, महिन्यातून एकदा. नातीचं पात्र तेच. सूत्रधारानं परवानगी दिली आहे, आणि पात्राच्या कागदावर जमातीच्या रकान्यात तिनं ‘हाफ’ हा शब्द न घालता दोन्ही नावं लिहिली आहेत. रकाना लहान आहे, अक्षर बारीक काढावं लागलं.

मंडळी, नियम हे माणसांसाठी असतात हे वाक्य आपण फार ऐकलेलं आहे, पण ते वाटतं तितकं सोपं नाही. नियमच नसतील तर डाव होत नाही. बुद्धिबळाचंच घ्या. आपल्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जात नसे, किल्लेकोट नव्हता, राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्याची उडी मारायची मुभा होती. मीर सुलतान खान हे तसलं बुद्धिबळ शिकून मोठे झाले, मग परके नियम शिकले, आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षं ब्रिटनचे विजेते ठरले. जुने नियम सोडले म्हणून त्यांची बुद्धी कमी झाली नाही. पण ते जुने नियम आज घराघरांतून जवळजवळ गेले, हेही खरं. लिहून ठेवणारा कुणी नसला की असं होतं. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या ‘श्रीतत्त्वनिधि’ ग्रंथाचा एक भागच खेळांना दिला, ‘कौतुकनिधि’ नावाचा. राजाला तेवढी फुरसत होती म्हणा, पण काम मोलाचं केलं.

अमेरिकेतल्या त्या खेळाकडून आपण घ्यायचं असेल तर मला वाटतं एवढंच. बदल करायचा असेल तर मसुदा आधी सगळ्यांपुढं ठेवावा. घर पाडून इमारत बांधायची असो, लग्नात कुठल्या बाजूच्या पद्धतीनं काय करायचं ते असो, नाहीतर नातवंडांना कुठल्या माध्यमाच्या शाळेत घालायचं ते असो. ठरवून झाल्यावर सांगितलं, की २००८ साली झालं तसं होतं. चूल वेगळी होते. आधी विचारलं तर आरडाओरडा होतो, चार दिवस चिवड्याला कुणी हात लावत नाही, पण बहुतेक माणसं शेवटी परत येऊन बसतात आणि आपली पाळी विचारतात.

आणि हो, ज्यांनी चौकाबाऱ्याचे नियम लिहून पाठवले त्या सगळ्यांची पत्रं मी एका वहीत उतरवून घेते आहे. आमचे बरोबर की तुमचे, हा निकाल मी देणार नाही. ज्यांच्या घरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येतं, त्यांनी तसं लिहावं. ज्यांच्या घरी जाता येत नाही, त्यांनीही लिहावं. गाव, आणि आईकडचा नियम की वडिलांकडचा, एवढं जरूर कळवा. दोन्हीकडचे असतील तर दोन्ही लिहा. आमच्या वहीत ओळी भरपूर आहेत.